मधुमेह, यकृत आणि रक्तातील विकरांची साक्ष

मधुमेह असलेल्या माणसाच्या घरात रक्ताच्या रिपोर्टांची एक फाईल बहुधा असतेच, आणि त्या फाईलमध्ये उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी हे तीन आकडे सर्वांच्या ओळखीचे असतात. त्याच कागदांमध्ये एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फेटेज, गामा जीटी अशी नावे आणि त्यांच्यापुढे काही आकडेही छापलेले असतात. ते दिलेल्या मर्यादेत बसले की 'लिव्हर नॉर्मल आहे' एवढे म्हणून पान उलटले जाते, आणि मर्यादा ओलांडली की घरात काळजीचे वातावरण पसरते. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत, कारण हे आकडे ज्या विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, आहेत ती विकरे यकृतात काय चालले आहे याची खूण देतात, निवाडा देत नाहीत. ही खूण वय, प्लेटलेट, औषधे आणि मागच्या वर्षीचे आकडे यांच्या सोबतीने वाचली, तर अगदी साध्या आणि स्वस्त तपासणीतून मधुमेही माणसाच्या यकृताबद्दल वेळेवर सावध होता येते. एकटी वाचली, तर ती खोटा दिलासाही देते आणि खोटी भीतीही घालते.

हा विषय केवळ मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांचा राहिलेला नाही. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव, जिथली बाजार समिती १९४७ मध्ये स्थापन झाली आणि जिथल्या लिलावातला कांद्याचा भाव देशभर पाहिला जातो, अशा गावांतूनही मधुमेह आता घरोघरी ओळखीचा झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेले पहिल्या टप्प्यातील निष्कर्ष महाराष्ट्रात प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के असल्याचे सांगत होते, तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित निष्कर्षांनी देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या सुमारे १३.६ कोटी असल्याचा अंदाज दिला. याच निष्कर्षांत असेही दिसले की प्रत्यक्ष मधुमेह शहरांत अधिक असला, तरी उंबरठ्यावरच्या अवस्थेच्या बाबतीत शहर आणि खेडे यांत जवळजवळ फरक उरलेला नाही. त्यामुळे कष्टाची कामे करणाऱ्यांना हा आजार होत नाही, ही जुनी समजूत आता सोडून द्यावी लागते.

साधन म्हणून विकर आणि साक्षीदार म्हणून विकर

विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे आणि त्यांना वेग देणारे प्रथिन. अन्न पचवण्यापासून स्नायूंना शक्ती पुरवण्यापर्यंत प्रत्येक कामासाठी वेगवेगळी विकरे असतात आणि प्रत्येक विकर आपापले ठरलेलेच काम करते. रक्ततपासणीत विकरांचा संबंध दोन अगदी भिन्न प्रकारे येतो, आणि हा भेद लक्षात घेतला की पुढचा विषय सोपा होतो.

पहिल्या प्रकारात विकर हे मोजमापाचे साधन असते. प्रयोगशाळेत साखर मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत रक्तद्रवामध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीपासून मिळवलेले विकर मिसळले जाते. ते ग्लुकोजचे रूपांतर करताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते आणि मग पेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्या पेरॉक्साइडच्या साहाय्याने द्रावणात गुलाबी रंग उमटवते. साखर जितकी अधिक तितका रंग गडद, आणि रंगाचा गडदपणा यंत्राने मोजला की आकडा हाती येतो. घरच्या ग्लुकोमीटरच्या पट्टीवरही असेच एखादे विकर वाळवून बसवलेले असते. फरक एवढाच की तेथे रंगाऐवजी विजेचा सूक्ष्म प्रवाह मोजला जातो. साखरेचा नमुना राखाडी झाकणाच्या नळीत घेतला जातो त्यामागेही विकरांचेच कारण आहे: रक्तपेशी नळीत गेल्यावरही जिवंत असतात आणि आपल्या विकरांच्या मदतीने ग्लुकोज वापरत राहतात, त्यामुळे साध्या नळीत तासाला सुमारे ५ ते ७ टक्के साखर कमी होत जाते, राखाडी झाकणाच्या नळीतील सोडियम फ्लोराइड त्या विकरांपैकी एकाला अडवून ही घट पुढे रोखते.

दुसऱ्या प्रकारात विकर हेच मोजले जाते. पेशींच्या आत काम करणारी काही विकरे पेशीला इजा झाली की बाहेर झिरपून रक्तात येतात, आणि त्यांचे रक्तातील प्रमाण वाढले की कोठेतरी पेशींची हानी होत आहे हे कळते. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतील लाड्यू, व्रुब्लेव्स्की आणि कारमेन या संशोधकांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तात एसजीओटी वाढत असल्याचे दाखवले, आणि त्यानंतरच्या थोड्याच काळात एसजीपीटी हे त्याचे भावंड यकृताच्या इजेची अधिक नेमकी खूण असल्याचे स्पष्ट झाले. आज एसजीओटीला एएसटी आणि एसजीपीटीला एएलटी असेही म्हणतात, आणि रिपोर्टावर बहुधा दोन्ही नावे शेजारी शेजारी छापलेली असतात. एसजीपीटी मुख्यत्वे यकृतात असते. एसजीओटी यकृताबरोबरच हृदय, हातापायांचे स्नायू आणि तांबड्या रक्तपेशी यांतही असते. हा साधा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

एसजीपीटी कसे मोजतात हे जवळून पाहण्यासारखे आहे. रक्तद्रव ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे शरीराच्याच तापमानाला ठेवून त्यात ॲलानाइन हे अमिनो आम्ल आणि इतर ठराविक द्रव्ये घातली जातात; विकर असेल त्या प्रमाणात ॲलानाइनपासून पायरुव्हेट तयार होते, ते दुसऱ्या एका विकराच्या मदतीने एनएडीएच नावाचे द्रव्य खर्च करते, आणि हे द्रव्य ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषणारे असल्यामुळे प्रत्येक मिनिटाला तो शोषण्याचे प्रमाण किती उतरते यावरून विकराची क्रियाशीलता काढली जाते. म्हणजे रिपोर्टावरील 'लिटरमागे ४० युनिट' हा आकडा विकराचे वजन सांगत नाही, तर ते किती वेगाने काम करते हे सांगतो.

यकृत: शरीराची कांदाचाळ

मधुमेहात यकृताला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी लासलगावच्या परिसरातील प्रत्येकाच्या परिचयाची असलेली कांदाचाळ डोळ्यांसमोर आणावी. मार्च ते मे या काळात निघालेला उन्हाळी कांदा शेतकरी जमिनीपासून उंच, फटींच्या भिंती असलेल्या हवेशीर चाळीत भरतो आणि पुढचे काही महिने बाजार पाहून थोडा थोडा बाहेर काढतो. यकृतही जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा काही भाग ग्लायकोजेन या रूपात साठवते, आणि रात्री किंवा उपवासात मेंदूला व इतर अवयवांना लागेल तशी ती परत रक्तात सोडते. भरायचे कधी आणि सोडायचे कधी, याची सूचना मुख्यतः इन्शुलिन या संप्रेरकाकडून येते. प्रकार दोनच्या मधुमेहात यकृत ही सूचना नीट ऐकत नाही, म्हणून ते गरज नसतानाही साखर सोडत राहते. रात्री काही खाल्लेले नसताना सकाळची उपाशीपोटीची साखर जास्त कशी, या नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी येथे आहे.

यकृतातील ग्लायकोजेनची साठवण साधारण १०० ग्रॅमच्या आसपास मर्यादित असते. खाणे सातत्याने गरजेपेक्षा अधिक राहिले, तर जादा साखरेपासून यकृत चरबी बनवू लागते, आणि शरीरातील चरबीच्या पेशी इन्शुलिनला दाद देईनाशा झाल्या की त्यांच्याकडूनही स्निग्धाम्ले यकृताकडे वाहू लागतात. यकृतात ५ टक्क्यांहून अधिक चरबी साठली की तिला फॅटी लिव्हर म्हणतात. मद्यामुळे नव्हे, तर चयापचयाच्या बिघाडामुळे होणाऱ्या या विकाराला २०२३ पासून जगभरातील तज्ज्ञांनी 'मॅसल्ड' हे नवे संक्षिप्त नाव दिले आहे. प्रकार दोनचा मधुमेह असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत तो आढळतो. चाळीत हवा खेळेनाशी झाली आणि कांदा दाटीने भरला की ओल धरते, सड लागते. तसेच काही जणांच्या यकृतात साठलेल्या चरबीमुळे दाह सुरू होतो, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी वर्षानुवर्षे चिवट तंतूंचे व्रण जमत जातात. या व्रणांना फायब्रोसिस म्हणतात, आणि त्यांचा शेवट काही रुग्णांत सिरोसिसमध्ये, म्हणजे यकृत आक्रसून निकामी होण्यात, किंवा यकृताच्या कर्करोगात होतो. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या माणसाला सिरोसिस होऊ शकतो, हे म्हणूनच पुन्हा पुन्हा सांगावे लागते. अशा रुग्णावर आणि त्याच्या कुटुंबावर गावात नाहक संशय घेतला जातो, तो त्या आजाराइतकाच दुःखद असतो.

यकृतातील चरबी आणि मधुमेह यांचे नाते एकेरी नाही. पश्चिम स्कॉटलंडमधील हृदयविकार प्रतिबंधाच्या एका मोठ्या अभ्यासातील पुरुषांच्या नोंदींवरून २००४ मध्ये असे दाखवण्यात आले की ज्यांचे एसजीपीटी सुरुवातीला वरच्या बाजूला होते, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता अधिक होती; कोरियातील अभ्यासांनी गामा जीटी या विकराबाबत तसेच निरीक्षण नोंदवले. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या चमूने २०११ मध्ये ११ मधुमेहींना डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींचा आहार दिला, तेव्हा पहिल्याच आठवड्यात यकृतातील चरबी सुमारे ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर सर्वसामान्य पातळीवर आली. असा टोकाचा आहार कोणी आपल्या मनाने करू नये, कारण इन्शुलिन किंवा काही गोळ्या चालू असताना तो जिवावर बेतू शकतो. परंतु यकृतातील चरबी हटली की साखरेचे गणित बदलते, एवढे या प्रयोगाने स्वच्छ दाखवले.

बारीक दिसणाऱ्या माणसाचे जाड यकृत

'माणूस तर बारीक आहे, त्याला फॅटी लिव्हर कसे?' हा प्रश्न महाराष्ट्रात नेहमी ऐकू येतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यात महाराष्ट्राचाच वाटा मोठा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला, आणि त्यातून असे दिसले की येथील बाळे जन्मतः वजनाने कमी असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या तुलनेत चरबीचे प्रमाण अधिक असते. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले: दोघांचाही उंची आणि वजन यांवरून काढलेला शरीरभार निर्देशांक २२.३ इतकाच होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजनकाट्यावर समान भासणारी दोन माणसे आतून किती वेगळी असू शकतात, याचे यापेक्षा बोलके उदाहरण सापडणे कठीण. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ ऐवजी २३ या निर्देशांकापाशी आणि कंबरेच्या घेराची रेषा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपाशी आखली जाते, आणि म्हणूनच शेतात राबणारा, अंगाने शिडशिडीत मधुमेही फॅटी लिव्हरच्या शक्यतेतून आपोआप वगळता येत नाही.

'नॉर्मल' या शब्दाचा धोका

येथे विकरांच्या चाचणीची सर्वांत महत्त्वाची मर्यादा समोर येते. चाळीत सड जोरात चालू असते तेव्हा वास येतो आणि खाली पाणी सुटते, पण सडण्याजोगा कांदा बराचसा संपून गेल्यावर वासही ओसरतो. तो ओसरला म्हणून चाळ सुखरूप आहे असे कोणी शेतकरी मानणार नाही. एसजीपीटी हा त्या वासासारखा आहे. तो या घटकेला किती पेशी फुटत आहेत हे सांगतो, आजवर किती व्रण जमले हे सांगत नाही. उलट फायब्रोसिस पुढे सरकू लागला की एसजीपीटी उतरून पुन्हा मर्यादेत येऊ शकते. फॅटी लिव्हर असलेल्या अनेक मधुमेहींचे एसजीपीटी कायमच मर्यादेत राहते, हेही वेळोवेळी दिसून आले आहे. शिवाय बऱ्याच प्रयोगशाळा वरची मर्यादा ४० किंवा त्याहून अधिक छापतात, तर निरोगी यकृत असलेल्यांच्या अभ्यासांवरून काढलेली मर्यादा पुरुषांत साधारण ३० आणि स्त्रियांत २० च्या आसपास येते.

या अडचणीवर वैद्यकशास्त्राने काढलेला मार्ग साधा आहे, आणि त्यासाठी वेगळे रक्तही द्यावे लागत नाही. २००६ मध्ये मांडल्या गेलेल्या 'फिब-फोर' या निर्देशांकात माणसाचे वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि रक्तातील प्लेटलेट या चार गोष्टी एकत्र केल्या जातात. वयाला एसजीओटीने गुणायचे. प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणायचे. आणि पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. प्लेटलेट येथे का येतात, याचे कारण असे की व्रणांमुळे यकृतातून जाणाऱ्या रक्ताला अडथळा होऊ लागला की प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून धरते, तसेच प्लेटलेट बनवण्यास चालना देणारे यकृतातले संप्रेरकही कमी पडू लागते. उत्तर १.३ पेक्षा कमी आले तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ पेक्षा अधिक आले तर शक्यता बरीच, आणि मधल्या पट्ट्यात आले तर पुढची तपासणी आवश्यक, असे त्याचे वाचन आहे. वय ६५ च्या पुढे असेल तर खालची रेषा १.३ ऐवजी २ धरतात, आणि ३५ च्या आतील वयात हा निर्देशांक फारसा भरवशाचा नसतो.

दोन कल्पित रिपोर्ट शेजारी ठेवून पाहावेत. एक मधुमेही ६० वर्षांचा आहे, त्याचे एसजीओटी ३६, एसजीपीटी ३६ आणि प्लेटलेट १ लाख ६० हजार आहेत. यांतील एकाही आकड्यापुढे प्रयोगशाळा खूण करणार नाही. ६० गुणिले ३६ म्हणजे २,१६०, ३६ चे वर्गमूळ ६, त्याला १६० ने गुणले की ९६०, भागाकार २.२५. दुसरा मधुमेही ४५ वर्षांचा आहे, त्याचे एसजीओटी ३६, एसजीपीटी मात्र ६४, म्हणजे ठळक अक्षरात छापले जाईल असे, आणि प्लेटलेट २ लाख ७० हजार आहेत. ४५ गुणिले ३६ म्हणजे १,६२०, ६४ चे वर्गमूळ ८, त्याला २७० ने गुणले की २,१६०, भागाकार ०.७५. ज्याला 'सगळे नॉर्मल' म्हणून घरी पाठवले जाईल त्या पहिल्याला यकृताच्या पुढच्या तपासणीची गरज आहे, आणि ज्याच्या घरी चिंता पसरेल त्या दुसऱ्याच्या यकृतात आज तरी गंभीर व्रण असण्याची शक्यता कमी आहे. त्याने वाढलेल्या एसजीपीटीचे कारण शोधावे, वजन आणि आहार यांकडे लक्ष द्यावे, पण घाबरून जाऊ नये. पुढची तपासणी म्हणजे बहुधा फायब्रोस्कॅन: बरगड्यांवर एक कांडी टेकवून सूक्ष्म कंपन आत सोडले जाते आणि त्याच्या वेगावरून यकृत किती ताठर झाले आहे ते किलोपास्कल या एककात मोजले जाते, सुई नाही, कापणे नाही, आणि ८ पेक्षा कमी आकडा सामान्यतः दिलासादायक मानतात.

अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचना अलीकडच्या वर्षांत हेच सांगतात की प्रकार दोनचा मधुमेह असलेल्या प्रौढांची यकृत-विकरे मर्यादेत असली, तरी फिब-फोरने छाननी करावी. भारतानेही या प्रश्नाची दखल लवकर घेतली: फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग यांच्या प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात फॅटी लिव्हरचा समावेश केला. धोरण आहे, सूत्र आहे, आकडेही फाईलमध्ये आहेत. उणीव आहे ती त्यांची सांगड घालण्याची.

वाढलेला आकडा वाचताना

एसजीओटी किंवा एसजीपीटी वाढलेले दिसले, तर त्याचा अर्थ लावण्याआधी माणसाचे काम आणि सवयी विचारणे आवश्यक असते. लासलगावच्या बाजारात कांद्याने भरलेल्या गोण्या दिवसभर पाठीवर वाहणाऱ्या हमालाच्या स्नायूंतील पेशींना कष्टामुळे बारीक इजा होत असते, आणि त्यांतून एसजीओटी व सीपीके ही विकरे रक्तात उतरतात. अशा माणसाने हंगामाच्या ऐन धावपळीत रक्त दिले, तर यकृत ठीक असूनही एसजीओटी वर गेलेले दिसू शकते. एसजीपीटी त्या मानाने कमी वाढलेले असणे, सीपीके चढलेले असणे आणि गामा जीटी मर्यादेत असणे, या तीन खुणांवरून मूळ स्नायूंत आहे हे ओळखता येते. म्हणून शक्य असल्यास जड कामाला साधारण आठवडाभराचा खंड मिळाल्यावर नमुना द्यावा, आणि आपण काय काम करतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

नमुन्याचा प्रवासही आकडा बिघडवू शकतो. सरकारी आरोग्यसंस्थांत घेतलेले नमुने मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवले जातात आणि खासगी संकलन केंद्रांचीही तीच रीत असते. वाटेत उष्णता किंवा हेलकावे यांमुळे तांबड्या रक्तपेशी फुटल्या, तर त्यांच्यातील एसजीओटी आणि एलडीएच ही विकरे द्रवात मिसळतात आणि आकडा खोटाच फुगतो. रिपोर्टाखाली 'नमुना हिमोलाइज्ड' अशी टीप असेल, तर औषध बदलण्याआधी तपासणी पुन्हा करणे हेच शहाणपणाचे. उलट मद्यपानामुळे गामा जीटी वाढते आणि एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या पुढे जाऊ लागते, त्यामुळे डॉक्टरांपासून ती सवय लपवण्यात अर्थ नसतो. हिपॅटायटिस बी आणि सी या विषाणूंची तपासणीही वाढलेल्या आकड्यांचे कारण शोधताना एकदा तरी झाली पाहिजे.

औषधांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण मधुमेहाच्या इतिहासातच त्याचा एक धडा आहे. ट्रोग्लिटाझोन ही इन्शुलिनचा परिणाम वाढवणारी गोळी १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. काही रुग्णांचे यकृत निकामी होऊ लागल्यावर नियमितपणे यकृत-विकरे तपासण्याची अट घातली गेली, पण तेवढ्याने धोका टळला नाही आणि मार्च २००० मध्ये ती मागे घ्यावी लागली. चाचणी हा पहारा असतो, कवच नव्हे, हे त्या प्रकरणाने शिकवले. आज मधुमेहात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनमुळे यकृताला अशी इजा क्वचितच होते. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांबद्दलही लोकांत भीती आहे. परंतु त्यांच्यामुळे यकृताला गंभीर इजा होणे इतके विरळ आहे की अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१२ मध्ये केवळ त्यासाठी ठराविक काळाने यकृत-विकरे तपासत राहण्याची सूचना काढून टाकली. सुरुवातीला एकदा आणि नंतर लक्षणे दिसली तर तपासणी पुरेशी मानली जाते, आणि विकरे मर्यादेच्या तिपटीहून अधिक वाढलेली टिकून राहिली, तरच गोळीचा फेरविचार होतो. फॅटी लिव्हर असलेल्या मधुमेह्याचा मोठा धोका हृदयविकाराचा असतो, त्यामुळे किंचित वाढलेले एसजीपीटी पाहून मनानेच स्टॅटिन बंद करणे हे धोक्याला आमंत्रण ठरते.

क्षयरोगाच्या औषधांची गोष्ट याउलट आहे. मधुमेहींना क्षयरोग होण्याची शक्यता इतरांच्या दोन ते तीन पट असते, आणि क्षयरोगाच्या पहिल्या फळीतील आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला त्रास देऊ शकतात. दोन्ही आजार एकत्र असलेल्या रुग्णात यकृत-विकरांची तपासणी उपचारांआधी आणि उपचारांदरम्यान केली, तर इजा वेळेत पकडता येते. भूक मरणे, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे दिसणे ही लक्षणे दिसताच पुढच्या तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. 'नैसर्गिक' म्हणून घेतल्या जाणाऱ्या काढ्यांबाबतही हीच दक्षता हवी. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य करून वनस्पतीची ओळख चुकली असण्याची शक्यता मांडली. वाद काहीही असो, रुग्णाने घ्यायचा बोध एकच: साखरेसाठी कोणताही पाला, चूर्ण किंवा काढा चालू असेल, तर डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे, कारण विकरे वाढल्यावर शोधण्याच्या कारणांत त्याचेही नाव असते.

अमायलेज आणि लायपेज या स्वादुपिंडाच्या विकरांची मात्र मधुमेहात नित्य तपासणी करण्याची गरज नसते. ती पोटात तीव्र वेदना आणि उलट्या असताना स्वादुपिंडदाहाचे निदान करण्यासाठी उपयोगी पडतात; एरवी त्यांचे थोडे वाढलेले आकडे काहीच निष्पन्न न करता रुग्णाला तपासण्यांच्या फेऱ्यांत अडकवतात. प्रत्येक चाचणी प्रत्येक वेळी करणे म्हणजे चांगली देखरेख नव्हे, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा मुद्दा लहान नाही.

फाईलमधील आकडे कामाला लावणे

या सर्वांतून मधुमेही माणसासाठी एक सोपा शिरस्ता निघतो. निदान झाल्यावर एकदा आणि त्यानंतर साधारण दरवर्षी एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेटसहित संपूर्ण रक्तगणना एकाच वेळी करावी, त्यांवरून फिब-फोर काढून घ्यावा आणि तो तारखेसह फाईलच्या पहिल्या पानावर लिहावा, म्हणजे एका आकड्यापेक्षा बोलकी असणारी त्याची चाल वर्षागणिक दिसत राहील. ही तपासणी एचबीएवनसी, क्रिएटिनीन, लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांच्या पडद्याची आणि पायांची तपासणी यांच्या जागी येत नाही, तर त्यांच्या शेजारी बसते. यकृतातील चरबीवरचा आजही सर्वांत भरवशाचा उपाय वजन कमी करणे हा आहे: वजन ५ टक्क्यांनी उतरले की चरबी कमी होऊ लागते, ७ ते १० टक्क्यांनी उतरले की दाह ओसरू लागतो, आणि १० टक्के किंवा अधिक उतरले तर काही जणांत व्रणही मागे हटतात. ७० किलोच्या माणसासाठी पहिली पायरी म्हणजे साडेतीन किलो. साखरेची पेये, चहातली साखर, तळलेले पदार्थ आणि मद्य यांना आवर घालून व जेवणातले भात-भाकरीचे प्रमाण सांभाळून ती गाठता येते.

चाळीत कांदा भरलेला शेतकरी पावसाळ्यात वास येण्याची वाट पाहत बसत नाही. तो अधूनमधून आत हात घालून पाहतो, डागी कांदा निवडून बाहेर काढतो आणि उरलेला माल वाचवतो. त्याच शेतकऱ्याच्या स्वतःच्या यकृताची पाहणी करण्यासाठी लागणारे चारही आकडे आज बहुधा त्याच्या घरातल्या फाईलमध्ये पडून आहेत, आणि त्यांची सांगड घालायला दोन गुणाकार, एक वर्गमूळ आणि एक भागाकार पुरतो. तो हिशेब डॉक्टरांनी न विचारताच करावा, आणि केला नाही तर रुग्णाने तो विचारून करून घ्यावा, एवढी सवय गावागावांत रुजली, तर सिरोसिसचे निदान पोटात पाणी झाल्यावर होण्याऐवजी कित्येक वर्षे आधी, अजून बरेच काही हातात असताना, धोक्याची चाहूल लागू शकेल.